टाचेवरचा बिब्बा

भर एप्रिलात जयमालाबाई शिंगट्यांनी पायात लोकरीचे मोजे चढवले, तेव्हाच तासगावच्या लोकांनी ओळखायला पाहिजे होतं की काहीतरी बिनसलंय.

ऊन असं की शेडवर वाळत घातलेली द्राक्षं जेवणाच्या वेळेआधी बेदाणा होऊन टपाटप खाली पडत होती. एका कोंबडीनं तर म्हणे उकडलेलंच अंडं घातलं. अशा उन्हात मोजे! आणि तेही कुणी? ज्या बाईनं चाळीस वर्षं खो-खोच्या मैदानावर अनवाणी पोरी पळवल्या आणि जी त्यांच्या पुढं स्वतः अनवाणी पळाली, तिनं. जयमालाबाईंच्या टाचेची कीर्ती अशी, की बाभळीचा काटा चुकून तिच्याखाली आलाच, तर तो काटाच लंगडत घरी जायचा.

तर अशा जयमालाबाई, वय वर्षं त्रेसष्ट, मोजे घालून लेकीच्या घरी निघाल्या. लेक केतकी गावातच दिली होती, चार गल्ल्या सोडून. दारात चपला काढल्या, मोजे तसेच ठेवले आणि उंबऱ्यातल्या पायपुसण्यावर पाय ठेवला. पायपुसण्याच्या कडेला करडा दिवा लुकलुकला. म्हणजे, वाचता येत नाही.

समोर सोफ्यावर विहीणबाई बसल्या होत्या. शोभनाबाई निकम. नगरवाचनालयात तेहेतीस वर्षं पुस्तकं दिली-घेतली, त्यामुळं आवाज कायम असा, की शेजारी कुणीतरी वाचत बसलंय. त्यांनी मोज्यांकडं बघितलं, मग जयमालाबाईंच्या कपाळावरच्या घामाकडं.

"थंडी वाजते का विहीणबाई?"

"हो ना. हाडात शिरलीय."

"पंखा बंद करू?"

"नको, तुम्हाला उकडेल."

शोभनाबाईंनी सरबत आणलं. जयमालाबाईंनी ते एका दमात संपवलं आणि पाचव्या मिनिटाला कामाचं निमित्त काढून उठल्या.

आता हे पायपुसणं काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. खोक्यावर त्याचं नाव 'पाऊलवाचक' असं लिहिलेलं असायचं, पण लोक म्हणायचे 'शहाणं पायपुसणं'. वरून साधं काथ्याचं. आत केसाहून बारीक तारांचं विणकाम. पाय पडला की खालून क्षणभर उजेड पडायचा, डोळ्याला दिसणारा थोडा आणि न दिसणारा जास्त. काही उजेड कातडीवरूनच माघारी यायचा, काही जरा आत शिरून यायचा, काही आणखी आत. त्यावरून यंत्राला कातडीचे थर वाचता यायचे, आपण वहीची पानं एकेक उलटावीत तसे. शिवाय कुठली जागा गरम लागते तेही कळायचं. मुळात हे साखरेच्या पेशंटसाठी निघालं. त्यांच्या पायाला जखम होणार असली की ती जागा आधीपासूनच तापते, पण त्यांना ते जाणवत नाही. पायपुसण्याला जाणवायचं.

मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, की तळपाय हा माणसाचा असा भाग आहे की तो कुणी बघतच नाही. आरशात दिसत नाही, आणि स्वतः वाकून बघायचं म्हटलं तर साठीनंतर सर्कशीत भरती व्हावं लागतं. तेव्हा बाकीच्या खुणाही हेच वाचू दे की. आणि आपल्याकडं माणूस चप्पल बाहेर काढूनच घरात येतो. त्यामुळं हे यंत्र जगात कुठं खपलं नसेल इतकं आपल्याकडं खपलं.

पण त्याची गंमत अशी झाली, की पायपुसणं घरच्यांचे पाय वाचायचं तसेच पाहुण्यांचेही वाचायचं. हिरवा दिवा लागला तर या, बसा. पिवळा लागला तर घरभर कुजबुज. मुलगी बघायला आलेली मंडळी पोह्यांच्या आधी मुलीला पायपुसण्यावर उभी करायला लागली, मग मुलीकडचे हट्टानं मुलाला उभं करायला लागले, आणि सावळजच्या एका घरात तर सोयरीक जमवणाऱ्या मध्यस्थाचाच दिवा पिवळा लागला आणि तो तिथनं जो गेला तो थेट दवाखान्यातच सापडला. लोक एकमेकांकडं जाईनासे झाले. शेवटी नियम आला. पाहुण्याच्या पायाची नोंद ठेवायची नाही, दिवा लागेल तेवढाच, पुढचं ज्याचं त्यानं बघावं. तेव्हा कुठं लोक पुन्हा एकमेकांच्या घरी चहाला जाऊ लागले.

जयमालाबाईंचा दिवा पहिल्यांदा पिवळा लागला तो जानेवारीत. नातीचा, ओवीचा, पाचवा वाढदिवस होता. घर बायकांनी भरलेलं. एकेक बाई आत येतीय, हिरवा, हिरवा, हिरवा. जयमालाबाई आल्या, आणि पिवळा. फुग्यांचासुद्धा आवाज येईना.

"बिब्बा आहे तो!" जयमालाबाई खणखणीत बोलल्या. मैदानावरचा आवाज, भिंतीवरचं घड्याळ हललं. "टाचेला कुरूप झालं होतं, बिब्बा लावलाय. तुमच्या शहाण्याला बिब्बा माहीत नाही. कुठल्या परदेशात शिकलंय कुणास ठाऊक!"

सगळ्या हसल्या. खरंच होतं ते. बिब्बा म्हणजे काय ते यंत्राला कोण शिकवणार? जयमालाबाईंच्या बिब्ब्याला तर गावात मान होता. पोरीच्या पायाला कुरूप झालं, टाच ठणकायला लागली, की बाई बिब्ब्यात सुई खुपसायच्या, दिव्यावर धरायच्या. काळं तेल सुटलं की नेमकं दुखऱ्या जागेवर टेकवायच्या, वरून चुन्याचं बोट. पोरगी किंचाळायची आणि दोन दिवसांनी पळायला लागायची. कुणाला उतला, फोड आले, तर तिला पुन्हा लावायच्या नाहीत. एवढंच काय ते बाईंचं वैद्यक. अशा चाळीस वर्षांत किती टाचा झाल्या असतील, मोजदाद नाही. बाईंच्या पोरी आता तहसीलदार होत्या, मास्तरणी होत्या, एक फौजदार होती, आणि प्रत्येकीच्या टाचेला एकदा तरी बाईंची सुई लागलेली.

फेब्रुवारीत पुन्हा पिवळा. मार्चमध्ये पुन्हा. "बिब्बा," जयमालाबाई म्हणायच्या, पण आता हसायला कुणी बायका नव्हत्या, फक्त विहीणबाई होत्या, आणि त्या हसायच्या नाहीत. मग जयमालाबाईंनी एकदा मागल्या दारानं यायचं केलं. एकदा पायपुसण्यावरून उडी मारून आल्या, आणि ओवीला वाटलं आज्जी खेळतीय, तीही तासभर उड्या मारत बसली. मग मोजे.

कारण जयमालाबाईंना एक गोष्ट माहीत होती, जी त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. नवरा असता तर त्यालाही सांगितली नसती, पण दत्ताजीराव गेली चार वर्षं भिंतीवरच्या फोटोतच असायचे, तिथं काही सांगायचा प्रश्न नव्हता.

कुरूप दोन वर्षांपूर्वीच गेलं होतं. डाग राहिला होता.

बरं, बिब्ब्याचा ठिपका कसा असतो, तर गोल. सुई टेकली तेवढा. हा डाग एका अंगाला सरकत चालला होता, ओल्या कागदावर शाई पसरते तसा. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा जयमालाबाईंनी काय केलं? त्यावर बिब्बा लावला. मग काय, आता तो बिब्बाच होता ना! दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लावला. पुन्हा लावला. कुणी विचारलं तर खोटं बोलायला नको.

डॉक्टरकडं जायला काय झालं होतं? गाठीशी कारणं दोन. एक म्हणजे सुरी. टाचेला सुरी लागली तर पळणं संपलं, आणि पळणं संपलं की जयमाला शिंगट्यांचं काय उरतं, हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. दुसरं कारण आणखी आत होतं. हा बिब्बा नसेल, आणि हे बाईंनाच ओळखू आलं नसेल, तर इतक्या पोरींच्या टाचांवर इतकी वर्षं त्यांनी काय बघितलं होतं?

मोज्यांच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शोभनाबाई मैदानावर आल्या. आजवर कधी आल्या नव्हत्या. डोक्यावर छत्री, काखेत फाईल, पायात चामड्याच्या चपला, आणि मैदानाच्या कडेकडेनं अशा चालत आल्या की जणू माती जागी होईल. मुली पाटीवर ओळीनं बसल्या होत्या, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. जयमालाबाई शिट्टी तोंडात धरून उभ्या. पायात मोजे नव्हते. मैदानावर मोजे घालून उभं राहण्यापेक्षा त्यांनी परकर घालून झेंडावंदन केलं असतं.

"विहीणबाई, दोन मिनिटं."

"पोरींचा सराव चाललाय."

"चालू दे. मी हळू बोलते."

दोघी कडेच्या बाकावर बसल्या. शोभनाबाईंनी फाईल उघडली. आत कागद. प्रत्येक कागदावर एक तळपाय, काळाजांभळा, नकाशासारखा. वर सुबक अक्षरात तारीख.

जयमालाबाईंनी पाय ओळखला. स्वतःचा पाय माणसाला ओळखू येतोच, अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब होतं.

"हे माझे पाय?"

"दर महिन्याचा एक. बावीस महिने आहेत."

"पाहुण्याच्या पायाची नोंद ठेवायची नाही असा नियम आहे."

"आहे ना."

"मग? मला न विचारता माझे पाय फायलीत लावलेत? पुस्तकं कमी पडली का?"

शोभनाबाईंनी चष्मा पुसला. "पायपुसण्याच्या यादीत दोनच रकाने आहेत विहीणबाई. पाहुणे आणि घरचे. विहीण असा रकाना नाही. मी तुम्हाला पाहुण्यांत कशी घालू?"

जयमालाबाईंनी गळ्यातली शिट्टी पुसली. मग तोंडात घातली. मैदानावरच्या पोरींना वाटलं आता वाजणार. वाजली नाही.

"हे बघा," शोभनाबाई कागद मांडू लागल्या. "डावीकडचं चित्र कातडीच्या वरचं. उजवीकडचं खालच्या थराचं. हा तुमचा जून महिना. वर ठिपका आहे, गडद. जुलैत फिका झाला. ऑगस्टात जवळजवळ गेला. सप्टेंबरात पुन्हा गडद. पुन्हा लावला होतात?"

"लावला असेन."

"नोव्हेंबरात पुन्हा फिका."

"काहीतरीच. बिब्बा जात नसतो! धोबी कपड्यावर बिब्ब्यानं खूण करायचे, कपडा चिंध्या व्हायचा पण खूण हलायची नाही. तुम्हाला पुस्तकातलं कळतं, बिब्ब्यातलं नाही कळायचं."

"कपड्यावरचा जात नाही," शोभनाबाई म्हणाल्या. "कपडा मेलेला असतो. कातडी जिवंत आहे. तळपायाची कातडी खालनं नवी येत राहते आणि वरची झडून जाते, महिना-दीड महिन्यात सगळी नवी. बिब्बा वरच्या कातडीला रंगवतो, आणि ती कातडी गेली की तीच त्याला घेऊन जाते. डॉक्टर मुजावरांना विचारून आले मी. तुमचं नाव नाही सांगितलं."

खरं तर जयमालाबाईंना हे माहीत असायला हवं होतं. पोरींच्या टाचेवरचे ठिपके कधी जातात हे कुणी बघितलंय? पोरगी पळायला लागली की बाईंचं काम संपायचं, आणि पाय मातीत जायचा.

"आता उजवीकडं बघा. खालचं. जूनमध्ये मोहरीएवढं. हे डिसेंबर, मसुरीएवढं. हे गेल्या महिन्यातलं. वरचा बिब्बा येतोय, जातोय. खालचं कुठं जात नाही. ते तिथंच बसलंय आणि वाढतंय."

बावीस कागद, आणि मोहरीची मसूर, मसुरीची तूरडाळ. जयमालाबाईंना लहानपणी वर्गात लावलेलं रोपट्याच्या वाढीचं चित्र आठवलं. फक्त हे रोप त्यांच्या टाचेत होतं.

"तुम्ही माझ्या सुखात बिब्बा घालायला आलात का विहीणबाई?"

"बिब्बा तुम्हीच घातलाय. मी फक्त तारखा घातल्या."

"कधीपासून माहितीय तुम्हाला?"

"जानेवारीपासून संशय होता. तुम्ही वाढदिवसाला एवढ्या मोठ्यानं बोललात ना, तेव्हाच. एवढा मोठा आवाज माणूस खात्री असताना लावत नाही."

"केतकीला सांगितलंत?"

"नाही. पाय तुमचा आहे."

मैदानावर कुणीतरी बाद झालं, पोरी ओरडल्या. जयमालाबाईंनी तिकडं बघितल्यासारखं केलं. "बघू. जिल्ह्याच्या स्पर्धा झाल्या की दाखवू."

"कधी आहेत?"

"दिवाळीनंतर."

शोभनाबाईंनी फाईल मिटली, दोरी बांधली, छत्री उघडली. "उद्या साडेदहाला डॉक्टर मुजावरांकडं नंबर लावलाय. माझ्या नावावर. तुम्ही आलात तर तुमचा पाय दाखवू. नाही आलात तर माझ्या मानेवरची चामखीळ दाखवून येते. एवढी रांग लावून नंबर घेतलाय, वाया घालवणार नाही."

आणि आल्या तशा कडेकडेनं गेल्या.

त्या दुपारी जयमालाबाईंनी स्वयंपाकघराच्या ओट्याखाली बसून डबी काढली. आत चार बिब्बे होते, काळे, गुळगुळीत, बदामाच्या आकाराचे. निरांजन लावलं. सुई खुपसली. ज्योतीवर धरला, तेल तापून टोकाशी आलं, ओळखीचा तो तिखट वास. पाय मांडीवर घेतला. सुई टाचेपासून बोटभर अंतरावर आणली आणि थांबल्या.

आत्ता टाच दुखत नव्हती. कित्येक महिने दुखत नव्हती. न दुखणाऱ्या जागी त्यांनी आजवर कुठल्याही पोरीला बिब्बा लावला नव्हता. लावू दिला नव्हता. "दुखतंय कुठं ते आधी दाखव, मग सुई," असं म्हणायच्या. मग ही सुई कशाला?

तेलाचा थेंब फरशीवर पडला. फरशी मेलेली असते, त्यामुळं तो डाग तिथं कायमचा राहणार होता. जयमालाबाईंनी निरांजन फुंकलं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला त्या दवाखान्यात हजर होत्या. दहालाच आल्या होत्या, उशीर हा शब्द त्यांच्या अंगात नव्हता. शोभनाबाई शेजारी बसल्या. समोर सहा माणसं, एक रडणारं बाळ, भिंतीवर खरजेचं चित्र. आतून कंपाउंडरीण ओरडली, "निकम!"

जयमालाबाई उठल्या नाहीत.

उठायचं होतं. पायांना सांगितलंही. पाय ऐकेनात. ज्या पायांनी राष्ट्रीय सामन्यात नऊ मिनिटं पळून पलीकडच्या अख्ख्या संघाला घाम फोडला होता, ते पाय बाकाखाली असे बसले की जणू त्यांना तिथं अंडी उबवायची होती.

"निकम, आहेत का?"

"विहीणबाई," शोभनाबाई हळूच म्हणाल्या.

"हं."

"नंबर जाईल."

"जाऊ दे. तुमची चामखीळ दाखवा."

शोभनाबाईंनी जरा विचार केला. मग समोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "खो."

जयमालाबाईंनी झटकन मान वर केली. "असा नसतो खो! समोरून दिला की फाऊल. पाठीमागनं द्यायचा. हात लागला पाहिजे. आणि असं पुस्तकाच्या कानात सांगितल्यासारखं नाही, मोठ्यानं."

"असं होय," शोभनाबाई म्हणाल्या.

बाक भिंतीपासून हातभर पुढं होतं, आणि भिंत नि बाक यांच्यामध्ये एक कुंडी होती. शोभनाबाईंनी पदर खोचला. कुंडी सरकवली. पासष्टाव्या वर्षी, साखर असताना, अंग तिरकं करून त्या भिंतीच्या आणि बाकाच्या मधे शिरल्या. रडणारं बाळ रडायचं थांबून बघायला लागलं. त्यांनी जयमालाबाईंच्या पाठीवर थाप मारली आणि तेहेतीस वर्षं वाचनालयात साठवलेला सगळा आवाज एकदम सोडला.

"खो!"

जयमालाबाई उभ्या होत्या. कधी उठल्या त्यांना कळलंच नाही. पायांनीच ठरवलं. आता उठून परत बसायचं म्हणजे नियमाबाहेरचं, आणि ते त्यांनी चाळीस वर्षांत कुणाला करू दिलं नव्हतं. त्या सरळ आत गेल्या. मागं शोभनाबाई कुंडीजवळ अडकल्या होत्या, त्यांना सोडवायला दोन माणसं लागली.

डॉक्टर निलोफर मुजावर चाळिशीच्या, हात गार, बोलणं शांत. त्यांनी टाच पुसली, भिंग लावलं, बराच वेळ बघितलं.

"हे काय लावलंय?"

"बिब्बा," जयमालाबाई म्हणाल्या. मग थांबल्या. "वरचा बिब्बा आहे. खालचं काय आहे ते मला माहीत नाही."

"मलाही नुसतं बघून माहीत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पायपुसणी दहा जणांना पिवळी लागली तर आठ जणांना काही नसतं. त्यानं फक्त 'बघा' म्हणायचं असतं. लहानसा तुकडा काढू आणि तपासायला पाठवू. आठवडा लागेल."

तुकडा काढताना जयमालाबाई ओरडल्या नाहीत. मात्र शोभनाबाईंचा हात त्यांनी असा धरला की पुढं चार दिवस विहीणबाईंना पोळी लाटता येईना.

आठवड्यानं निकाल आला. डागाची जात वाईट होती, कॅन्सरची. पण अजून कातडीतच पसरलेली, मांसात उतरली नव्हती. "आणखी वर्षभर बिब्ब्याखाली झाकून ठेवला असतात," डॉक्टर म्हणाल्या, आणि वाक्य तिथंच सोडलं. टाचेतून बत्ताशाएवढा तुकडा काढला, मांडीची कातडी तिथं लावली. आता तपासणीला दर तीन महिन्यांनी यायचं. आणि दोन महिने टाच टेकायची नाही.

ते दोन महिने जयमालाबाई विहिणीच्या घरी राहिल्या. केतकी आधी दोघींवर चिडली, मग दोघींच्या मधे बसून रडली, मग दोघींच्या भांडणांना कंटाळून ऑफिसात जादा वेळ थांबायला लागली. भांडणं चहात आलं किती घालायचं, इथपासून सुरू व्हायची. जयमालाबाई पलंगावरून शिट्टी वाजवून पाणी मागायच्या. तिसऱ्या दिवशी शोभनाबाईंनी शिट्टी कपाटात ठेवली आणि हातात एक कादंबरी दिली. जयमालाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा पुस्तक शेवटपर्यंत वाचलं आणि शेवट आवडला नाही म्हणून शोभनाबाईंशी दोन दिवस बोलल्या नाहीत, जसा काही त्यांनीच लिहिला होता.

पळणं गेलं ते गेलंच. नव्या कातडीला तेवढा मार सोसवणार नव्हता. जयमालाबाईंनी ते एका सकाळी दात घासताना मान्य केलं, तोंड धुतलं, आणि चहा मागितला. बरं झालं त्या वेळी बाथरूममध्ये कुणी नव्हतं.

पण दुसरं कारण, ते आत बसलेलं, ते काही टाचेबरोबर कापून निघालं नव्हतं.

काठी टेकत मैदानावर आल्या त्या दिवशी त्यांनी निरोप धाडला होता. आत्ताच्या मुली, आणि जुन्याही. ज्यांच्या ज्यांच्या पायाला बाईंनी बिब्बा लावलाय त्यांनी या. चपला काढून. किती आल्या म्हणाल? मैदानाच्या फाटकाबाहेर चपलांचा एवढा ढीग झाला की एका म्हशीनं तो चारा समजून दोन जोड खाल्ले. मुली पाटीवर बसल्या, त्यांच्या मागं त्यांच्या आया, त्यांच्या मागं मास्तरणी, एक तहसीलदार.

जयमालाबाई मधोमध उभ्या राहिल्या. आवाज नेहमीचा लावायचा होता, पण नेहमीचा आलाच नाही.

"पोरींनो, मी दोन वर्षं माझ्याच टाचेवरचा डाग बिब्बा म्हणून झाकला. तो बिब्बा नव्हता. मला ओळखू आलं नाही, आणि जेव्हा आलं तेव्हा मी झाकलं. आता तुम्ही पाय दाखवा. तुमच्यातल्या कुणाच्या टाचेवर असलं काही असेल, तर मी त्याला बिब्बा म्हटलेलं असणार."

कुणी हसलं नाही. कुणी रागावलंही नाही. मैदानभर तळपाय वर झाले, काळे, गोरे, भेगाळलेले, मेंदी लावलेले. जयमालाबाई काठी टेकत एकेकीसमोर बसल्या, हातात भिंग, शेजारी शोभनाबाई वही घेऊन नावं लिहीत. "हा खरा बिब्बा, तुझ्या आईनं चार दिवसांपूर्वी लावलेला. दीड महिन्यानं जाईल, नाही गेला तर मला येऊन सांग." "ही भेग आहे, तूप लाव." "हा डाग नाही, ही घाण आहे, पाय धू जरा." पोरी खिदळायला लागल्या. ऊन चढलं.

ओळीच्या शेवटी फौजदार रेश्मा माळी बसली होती, वर्दीत, बूट शेजारी नीट ठेवून. नाक्यावरची ड्यूटी सोडून आली होती. तिनं डावी टाच वर केली. आतल्या बाजूला एक गडद, गुळगुळीत ठिपका.

"हा तर तुमचाच बाई," ती हसत म्हणाली. "मी नववीत असताना लावलेला. आठवतं? किती किंचाळले होते मी. अजून तसाच आहे बघा. आमच्या ह्यांना मी सांगते, बाईंची सही आहे ही."

जयमालाबाईंनी भिंग धरलं. नववीत. म्हणजे अठरा वर्षं. अठरा वर्षांत टाचेची कातडी शंभरदा तरी नवी झाली असेल.

त्यांनी बराच वेळ बघितलं. एका बाजूनं बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं. शोभनाबाईंच्या वहीवरचं पेन थांबलं.

"तीळ असेल," जयमालाबाई म्हणाल्या. "साधा तीळ असेल. जन्माचाही असेल आणि मी त्याच्यावर बिब्बा लावला असेल. किंवा नसेल. मला कळत नाही रेश्मा."

रेश्माचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्याच्यातलं हसणं गेलं. "मग, बघते बाई. जरा बंदोबस्त संपला की..."

"कधी संपतो?"

"गणपती झाले की."

जयमालाबाईंनी तिचे बूट उचलले आणि तिच्या मांडीवर ठेवले. "घाल. आत्ता जायचं. मी येते सोबत. बाकावर तुझ्याजवळ बसते." आणि रेश्मानं नाडी बांधायच्या आत त्या काठी टेकत फाटकाकडं निघाल्याही होत्या, हळूहळू, एक पाय जपत.